सावंतवाडीची चितारआळी आणि गंजिफा

सह्याद्रीचा पायथा आणि वेंगुर्ल्याचा किनारा यांच्या मधोमध, गोव्याच्या सीमेलगत सावंतवाडी वसली आहे. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या पंचवीस हजारांच्याही आत होती. शहराच्या मध्यावर मोती तलाव, तलावाच्या काठी जांभ्या दगडाचा राजवाडा आणि बाजाराला लागून चितारआळी, असा सारा पसारा पायी फिरता येतो. पाठीवर पिशवी टाकून गोव्याकडे निघालेले प्रवासी इथे बहुधा एखाद्या रात्रीपुरते थांबतात. पण दोन-तीन दिवस निवांत फिरणाऱ्याला एका छोट्या संस्थानाने कोणकोणत्या कला सांभाळल्या, हे कारागिरांच्या ओसरीवर बसून पाहता येते.

सुंदरवाडी हे या गावाचे जुने नाव. सावंत-भोसले घराण्याची ही राजधानी. एका बाजूला पोर्तुगीज, दुसऱ्या बाजूला कोल्हापूरकर आणि समुद्रावर इंग्रज, अशा कोंडीत या घराण्याने आपले राज्य टिकवले. तिसरे खेमसावंत १७५५ ते १८०३ इतका दीर्घ काळ गादीवर होते. १७६३ मध्ये शिंदे घराण्याशी त्यांचा विवाहसंबंध जुळला आणि पुढे दिल्लीच्या बादशहाकडून त्यांना ‘राजेबहादूर’ हा किताब मिळाला. लढाया आणि कर्जे यांनी गांजलेल्या या दरबारात विद्वानांची आणि कारागिरांची ऊठबस मात्र कायम होती. १८३८ मध्ये इंग्रजांनी कारभार हाती घेतला. मोती तलावाचे आजचे बांधीव रूप १८७४ चे.

चितारी हे लाकडावर लाखेचे आणि रंगाचे काम करणारे कारागीर. गोव्यात कुंकळ्ळीलाही चितारी आहेत, आणि दोन्हीकडच्या पाट-चौरंगांची ठेवण पाहिली की हा एकाच परंपरेचा विस्तार आहे हे लक्षात येते. कातकामाची रीत साधी दिसते, पण तिला हात सरावलेला लागतो. लाकूड चरकावर फिरत असताना रंगीत लाखेची कांडी त्यावर दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर पसरते. मग केवड्याच्या पानाने घासून तिला झळाळी आणतात. पाट, चौरंग, देव्हारे, पाळण्यावरची चिमणाळी आणि भातुकली हा चितारआळीचा नेहमीचा माल. लाकडी फळांसाठी पांगाऱ्यासारखे हलके लाकूड वापरतात. या फळांनी महाराष्ट्रभरच्या दिवाणखान्यांत आणि गौरी-गणपतीच्या आराशीत जागा मिळवली. वाळ्याचे नक्षीदार पंखेही इथले. जरतार आणि भुंग्यांचे चमकदार पंख लावून ते सजवत असत.

या सगळ्यांत गंजिफेचे काम सर्वांत नाजूक. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. हिंदुस्थानातला त्यांचा सर्वांत जुना ठोस उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात येतो: १५२७ मध्ये त्याने सिंधच्या शाह हुसेनला गंजिफा पाठवली होती. अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त बारा रंगांच्या १४४ पानांच्या संचाचे वर्णन केले आहे. पुढे आठ रंगांचा, ९६ पानांचा मुघल संच अधिक रुळला. हिंदू दरबारांनी हाच खेळ दशावतारांवर बसवला. तेलंगणातून शास्त्रार्थासाठी आलेल्या ब्राह्मणांनी ही कला सावंतवाडीच्या दरबारी आणली, अशी आख्यायिका आहे. बंगालात विष्णुपूर, दक्षिणेत म्हैसूर, तसेच ओडिशात तिची वेगळी रूपे वाढली.

दशावतारी संचात मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग आणि प्रत्येक रंगात बारा पाने, अशी १२० पाने असतात. राजा, प्रधान आणि एक ते दहा असा त्यांचा क्रम. राजाच्या पानावर खुद्द अवतार. मासा, कासव, परशू, तलवार अशा चिन्हांवरून बाकीची पाने ओळखायची. निम्म्या रंगांत दहा वरचढ, तर उरलेल्या निम्म्यांत एक्का वरचढ आणि दहा सर्वांत हलका. दिवसा डाव रामाच्या राजाने सुरू होतो, रात्री कृष्णाच्या. हुकूम नसतो. कोणते पान पडून गेले आणि कोणते बाकी आहे, हे ध्यानात ठेवणे हाच खेळाचा कस. खेळता खेळता देवाची नावे ओठांवर येत, म्हणून पत्ते असूनही या खेळाला घरात मान होता.

पाने तयार करणे हे स्वतंत्र कसब आहे. कागदाचे किंवा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवतात, त्यावर खडूचा लेप देऊन दगडाने घोटतात, मग गोल कापून रंगवतात. मागची बाजू लाखेने एकरंगी करतात, म्हणजे पान उलटे धरले की ओळखू येत नाही. नक्षीची किनार असलेल्या श्रीमंती संचाला दरबारी कलम म्हणत, बिनकिनारीच्या साध्या संचाला बाजार कलम. सावंतवाडीच्या चित्रांत गर्दी नाही. मोकळ्या रंगीत पार्श्वभूमीवर एकच ठळक आकृती असते, आणि या शैलीचे खरे सौंदर्य त्या मोकळेपणातच आहे.

हेच दशावतार या मुलखात रात्री रंगमंचावरही उतरतात. कार्तिकानंतर जत्रांचा हंगाम सुरू झाला की वालावल, मोचेमाड अशा गावांची नाटक मंडळे देवळादेवळांतून फिरतात. आधी आडदशावतार, त्यात मालवणी बोलणारा संकासुर, आणि मग पहाटेपर्यंत आख्यान. हिवाळ्यात येणाऱ्या प्रवाशाला दिवसा चितारआळीत पाहिलेले अवतार रात्री जत्रेत भेटू शकतात.

छापील बावन्न पत्ते स्वस्तात मिळू लागले तशी गंजिफा मागे पडली. १२० पानांचा हातरंगी संच महाग, आणि नियम अवघड. संस्थान विलीन झाल्यावर दरबारचा आश्रयही संपला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही कला जाणणारे मोजकेच हात उरले होते. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून हे काम शिकून घेतले, तरुण कारागिरांना शिकवायला लावले आणि १९७१ च्या सुमारास राजवाड्याच्या दरबार दालनातच कार्यशाळा उभी केली. आश्रयदात्याने हातात कुंचला घेणे ही मोठी दुर्मीळ गोष्ट, आणि गंजिफा वाचली ती त्यामुळेच. मुंबईत राहिलेले कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांनी भारतीय पत्ते जन्मभर जमवले आणि अभ्यासले. त्यांच्या अभ्यासामुळे १९८२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात गंजिफेचे प्रदर्शन भरले.

आज राजवाड्याच्या दालनात कारागीर पाने रंगवताना दिसतात, आणि वाड्याच्या आवारात प्रवाशांसाठी निवासाची सोयही झाली आहे. सावंतवाडीच्या गंजिफेला आणि लाकडी खेळण्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. चितारआळीत खप अजूनही खेळण्यांचा आणि फळांचाच जास्त. गंजिफेचे संच मुख्यतः संग्राहक आणि भेटवस्तू शोधणारे घेतात, आणि डाव मांडून खेळू शकणारी माणसे रंगवणाऱ्यांपेक्षाही विरळ आहेत.