मनिऑर्डर आणि घरची शेती
१८५४ सालीं मुंबईंत पहिली कापड-गिरणी स्थापन झाली. पुढें, १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यांत मोडणाऱ्या मालवण किनाऱ्यावरून अनेक कर्ते पुरुष गिरणगांवांत गेले. मागें राहिलेली आई भातशेती व मुलें सांभाळी. गाबीत मच्छीमारांच्या घरीं ती मासळी विकून रोख पैसाहि आणी. तरी मनिऑर्डर धाडणारा बापच कमावता गणला जाई. वस्तुतः गिरणीच्या तुटपुंज्या पगारांत भागे, तें तिच्या कष्टानें घरीं भात पिके म्हणून. मालकालाहि मजूर स्वस्त मिळे, तो त्यामुळेंच. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरणी-संप सुरू होऊन पगार थांबले. गांवीं परतलेल्या कामगारांना याच शेतीनें आधार दिला. संसाराची कमाई प्रथमपासूनच दोघांची होती, हें तेव्हां उघड झालें.