परजातीची सोयरीक

टांगानिकातल्या, म्हणजे आजच्या टांझानियातल्या, शिन्यांगा भागात गुरे पाळणाऱ्यांची खरी वैरीण एक माशी होती. त्सेत्से चावली की जनावराला ‘नगाना’ जडतो, ते खंगत जाते आणि मरते. माणसाला तीच निद्रारोग देते. झुडपी रान तिचे, म्हणून त्या रानात ना गोठा, ना शेत.

ब्रिटिश अमलात चार्ल्स स्विनर्टन यांनी तिथे त्सेत्से संशोधनाचे ठाणे मांडले. त्या काळचे उपाय रांगडे होते. रान तोडायचे, गवत पेटवायचे. दक्षिण ऱ्होडेशियात तर माशीचे भक्ष्य संपावे म्हणून वन्य प्राण्यांची सर्रास कत्तल झाली. १९३८ मध्ये स्विनर्टन विमान अपघातात गेले. त्यांचे नाव मात्र एका त्सेत्सेलाच मिळाले होते, ग्लॉसिना स्विनर्टनी. सन्मान म्हणावा तर हा असा!

या स्विनर्टनीची जवळची भावकी म्हणजे मॉर्सिटान्स. एफ. एल. व्हँडरप्लँक या संशोधकाला दिसले, की दोन्ही जातींचे नर-मादी एकमेकांशी बिनदिक्कत जुगतात, पण संसार फळत नाही. पिल्ले मोजकीच, त्यांतले नर निर्बीज, माद्याही जेमतेम प्रजननक्षम. शिवाय त्सेत्सेची मादी बहुधा एकदाच जुगते, आणि अंडी न घालता एका वेळी एकच अळी पोटात वाढवून तिला जन्म देते. इतक्या संथपणे वाढणाऱ्या जातीला चुकीचा नर फार महागात पडतो.

व्हँडरप्लँक यांनी ही चूक मुद्दाम घडवून आणली. ऑगस्ट १९४४ पासून सुमारे सात महिने रानातून वेचलेले मॉर्सिटान्सचे लाखभर कोष स्विनर्टनीच्या सुमारे २६ चौरस किलोमीटर मुलखात सोडले गेले. मुलूख इतका कोरडा, की मॉर्सिटान्सला तिथे दीर्घकाळ तगणे अवघड. डावातली खरी हुशारी इथे होती. पाहुणे संख्येने भारी पडले, स्थानिक माद्यांच्या वाट्याला परजातीचेच नर येऊ लागले आणि स्विनर्टनी झपाट्याने घटली. मग ती हवा न मानवून पाहुणेही ओसरले. लोकांनी झुडपे तोडून तिथे वस्ती केली.

ना माश्या वाढवण्याचा कारखाना लागला, ना नर निर्बीज करायला किरणोत्सार!

गाजावाजा झाला तो पुढच्या प्रयोगाचा. १९५४ मध्ये ई. एफ. निपलिंग यांच्या अमेरिकी चमूने क्युरासाओ बेटावर किरणांनी निर्बीज केलेल्या माश्या सोडून गुरांच्या जखमांत वाढणारी स्क्रूवर्म माशी संपवली. व्हँडरप्लँक यांचे तपशीलवार आकडे मात्र कित्येक दशके छापलेच गेले नाहीत. झांझिबारच्या उंगुजा बेटावरून त्सेत्से १९९० च्या दशकात हटली, तीही त्या किरणांच्याच वाटेने, निर्बीज नर विमानातून सोडून.