सुताराची हत्यारे आणि शरणपूरची मुले

१/ नाशिकच्या जुन्या वाड्यांतील सागवानी खांब, तुळया आणि महिरपी पाहताना वाडा बांधवणाऱ्याचे नाव घेतले जाते. सुताराचे नाव क्वचितच कळते. ज्या हत्यारांनी ही कामे घडली, ती संख्येने थोडी होती. ती कोणाच्या हाती जावीत, या प्रश्नाला एकोणिसाव्या शतकात नाशिकमध्येच एक अनपेक्षित उत्तर मिळाले.

२/ वाकसाने ओबडधोबड लाकूड तासावे, करवतीने कापावे, रंध्याने गुळगुळीत करावे. पटाशीने कुसवासाठी खाच पाडावी, सामत्याने भोक पाडावे आणि गुण्याने काटकोन पडताळावा. रंधा हा शब्द फारसी ‘रंदा’वरून आला, तर करवत संस्कृत ‘करपत्र’वरून. एकाच पेटीत दोन परंपरा सुखाने नांदत होत्या.

३/ हत्यार निवडताना सुतार पाते पाही. लोहाराने पोलादाला दिलेले पाणी अधिक झाले की धार तुटते. कमी पडले की धार वळते. दांडा बहुधा बाभळीचा. देशी सुतार जमिनीवर बसून, लाकूड पायाने दाबून धरत असे. त्यामुळे मेज आणि शिकंजा यांवाचून त्याचे अडत नसे. सारी कार्यशाळा एका पिशवीत मावे.

४/ मात्र ही पिशवी सर्वांसाठी नव्हती. गावगाड्यात सुतार हा पहिल्या ओळीचा बलुतेदार. नांगर, कुळव, पाभर यांची दुरुस्ती त्याच्याकडे. लाकूड शेतकऱ्याचे आणि मोबदला सुगीतील धान्याचा. वाकस मुलाच्या हाती येई तो बापाकडून. हत्यारासोबत हक्क आणि कर्तव्य दोन्ही वारशाने येत.

५/ १८५०च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी नाशिकजवळ शरणपूर वसवले. अरबी समुद्रातील गुलामवाहू जहाजांतून ब्रिटिश आरमाराने सोडवलेली आफ्रिकी मुले पुढे येथे आणली गेली. त्यांना ना बाप उरला होता, ना गाव, ना वतन.

६/ अक्षरओळख आणि ख्रिस्ती धर्मशिक्षणासोबत त्यांना शेती, लोहारकाम आणि सुतारकाम शिकवले जाई. जन्माने न मिळालेले हत्यार शिकून हाती आले. या शिक्षणामागे मिशनचे स्वतःचे हेतू होते, हे विसरता येणार नाही. तरीही ज्यांना माल म्हणून विकले गेले होते, त्यांना आपल्या कसबावर पोट भरण्याची वाट त्यातून खुली झाली.

७/ १८६५मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबई इलाख्यात आले, तेव्हा शरणपूरचे नऊ तरुण त्यांच्या अखेरच्या मोहिमेसाठी निवडले गेले. जेकब वेनराइट हा येथील आणखी एक विद्यार्थी १८७२मध्ये त्यांना जाऊन मिळाला. मे १८७३मध्ये आजच्या झांबियातील चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन यांचे निधन झाले, तेव्हा त्यानेच प्रार्थना वाचली आणि शेजारच्या झाडाच्या खोडावर त्यांचे नाव व तारीख कोरली. पार्थिव किनाऱ्यापर्यंत सहकाऱ्यांनी वाहून नेले. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झाले, तेव्हाही जेकब उपस्थित होता.

८/ १८७५मध्ये प्राइस यांनी मोंबासाजवळ फ्रेरटाऊन ही मुक्त गुलामांची वसाहत उभारली. शरणपुरात वाढलेले अनेक जण तेथे गेले आणि ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणून ओळखले गेले. बरोबर नेण्यासारखी मालमत्ता त्यांच्याकडे फारशी नव्हती. नाशिकात शिकलेले हातचे काम मात्र कोणी काढून घेऊ शकत नव्हते.

९/ आज नाशिकमध्ये शरणपूर रोड हे नाव रोज उच्चारले जाते. हौसेने घरी सुतारकाम मांडणारा कोणीही दुकानातून पटाशी, करवत आणि रंधा निवडून आणतो. पोलादाचा कस पाहावा, थोडीच हत्यारे घ्यावीत, त्यांची धार राखावी, हे जुने नियम आजही लागू पडतात. त्याची जात वा त्याचा वारसा दुकानात कोणी विचारत नाही. ही मोकळीक मात्र त्या जुन्या पिशवीत नव्हती.