कुटुंबनियोजन
मूल केव्हा, किती अंतराने आणि किती हवे, हे दांपत्याने समजून-उमजून ठरवणे व त्यासाठी गर्भनिरोधनाची साधने वापरणे. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. या प्रचारापायी प्राध्यापकी गेली, तरी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक त्यांनी १९२७ ते १९५३ नेटाने चालवले. सरकारी कार्यक्रम सुरू झाला १९५२ मध्ये. नाशिक जिल्ह्यात पेठ, सुरगाण्याच्या पाड्यांवर साधने पोचवतात त्या आशा सेविका: निरोध, माला-एन आणि ‘छाया’ गोळी (पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा). ‘अंतरा’ इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यावे लागते. पुरुष नसबंदी स्त्रीच्या शस्त्रक्रियेहून सोपी, बिनटाक्याची. तरीही ऑपरेशन बहुतेक वेळा बाईच्याच वाट्याला येते.