तागडीमागचा माणूस

किराणा मालाच्या व्यापाराविषयी लिहिताना भाव, पेढ्या आणि बाजारपेठा यांची चर्चा पुष्कळ होते. तागडीमागे उभा राहून पुड्या बांधणाऱ्या नोकराकडे मात्र सहसा कोणी वळत नाही. वास्तविक गेल्या शंभराहून अधिक वर्षांत या धंद्यात जी स्थित्यंतरे झाली, त्यांचा रोख मुख्यतः याच माणसावर होता.

पहिले स्थित्यंतर अमेरिकेतले. तेथेही गिऱ्हाइकाने यादी द्यावी आणि नोकराने फळीवरचे जिन्नस काढून द्यावेत, हीच रीत होती. १९१६ साली मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स याने 'पिगली विगली' अशा विक्षिप्त नावाचे दुकान उघडले. फिरत्या फाटकातून आत शिरायचे, टोपली घ्यायची, ठरलेल्या एकाच वाटेने साऱ्या फळ्यांपुढून जात हवे ते आपल्या हाताने उचलायचे आणि बाहेर पडताना पैसे चुकते करायचे. पुढच्याच वर्षी या रचनेचे पेटंट त्याने मिळवले. नोकराचे काम गिऱ्हाइकाने विनावेतन, आणि वर हौसेने, अंगावर घेतले! साँडर्सचे एवढ्याने समाधान झाले नाही. १९३७ साली त्याने 'कीडूझल' काढले. काचेआडचा नमुना पाहून किल्लीने निवड करायची आणि यंत्राने तो जिन्नस पट्ट्यावरून आणून द्यायचा, अशी ती योजना. यंत्रे वारंवार बिघडत. अखेर तो प्रयोग सोडून द्यावा लागला.

आपल्याकडे तागडीमागचा माणूस बराच काळ टिकला. बदलीच्या गावी बिऱ्हाड मांडणाऱ्यांची पहिली ओळख होई ती त्याच्याशीच. पोह्यांना पाटण्यास 'चूडा' म्हणतात हे त्यानेच सांगावे, आणि पगार होईपर्यंतची उधारी मालकाकडून वहीत मांडून घ्यावी. त्याच्या कामाच्या तासांना मर्यादा घालणारा कायदा मुंबई प्रांताने १९३९ साली केला. १९४८ साली त्याच्या जागी नवा आला. लोक मात्र दुकानाच्या नोंदणीपत्रालाच 'गुमास्ता' म्हणू लागले. नोकराचे नाव मालकाच्या भिंतीवरील चौकटीत जाऊन बसावे, हा भाषेचा विनोदच म्हणायचा.

दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरांसाठी १९६३ साली केंद्रीय भांडार निघाले. रुपयाच्या अवमूल्यनानंतर १९६६ साली कॅनॉट प्लेसमध्ये सुपर बझार उघडला. २००२ साली तो गुंडाळण्याचा हुकूम निघाला, तेव्हा तेथील कर्मचारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. दाद कोणाविरुद्ध मागावी, एवढे तरी त्यांना ठाऊक होते.

२०११ साली बंगळूरला बिगबास्केट सुरू झाले आणि पुढे काही मिनिटांत माल घरी पोहोचवणाऱ्या कंपन्या आल्या. साँडर्सने घालवलेला माणूस यात परत आला आहे. यादी पुन्हा दिली जाते, जिन्नस पुन्हा दुसराच कोणी उचलतो. पण तो वस्तीतल्या एखाद्या बंद कोठारात, आपल्या दृष्टीआड. पोहोचवणारा दारात क्षणभर दिसतो, परंतु कंपनीच्या लेखी तो नोकर नसून 'भागीदार' आहे. प्रवासी वाहतुकीसारखे इतर धंदे धरून अशा कामगारांची संख्या नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाने २०२०-२१ साठी ७७ लाख मानली. सामाजिक सुरक्षेच्या २०२० च्या संहितेने त्यांना कायद्यात नाव दिले आणि ती नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आली. कल्याणनिधीची तरतूद तीत आहे. १९३९ च्या कायद्याने गुमास्त्याला दिलेली कामाच्या तासांची मर्यादा नाही.