पात्याचा घाट आणि नकलेचा निवाडा

मराठीत ‘बनावट’ हा शब्द परस्परविरोधी वाटाव्या अशा दोन अर्थांनी चालतो. वस्तूची घडण ती तिची बनावट. आणि खोटी, नकली वस्तू तीही बनावटच. घडविणे आणि फसविणे भाषेने एकाच शब्दात बसविले, त्यामागे बाजारातील जुना अनुभव असावा. सुऱ्या, कोयते व कुऱ्हाडी घडविणारे कारागीर आणि अशा पात्यांचा संग्रह करणारे रसिक यांच्यामध्ये अमक्याने तमक्याचा घाट चोरला असा वाद उत्पन्न झाला, म्हणजे हाच संदिग्धपणा निवाड्याच्या आड येतो. चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रदेशातील लोहारकामाचा इतिहास त्या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला. तत्पूर्वी हा सर्व मुलूख एकाच जिल्ह्यात, म्हणजे जुन्या चांदा जिल्ह्यात, मोडत असे. येथील लोखंडाची कीर्ती जुनी आहे. लोहारा या गावाचे नावच बोलके आहे. तेथील खनिजासंबंधी रिटर फॉन श्वार्त्स यांनी लिहिलेला अहवाल १८८२ साली जमशेटजी टाटांच्या वाचनात आला आणि पोलादाच्या कारखान्याची कल्पना त्यांच्या मनात रुजली. (वरोऱ्याच्या कोळशाने त्या बेतास साथ दिली नाही, हा भाग वेगळा.) लाकडी कोळशावर खनिज वितळविणाऱ्या स्थानिक भट्ट्या बाहेरच्या स्वस्त लोखंडापुढे विझल्या, ऐरण मात्र राहिली. खनिजाची जागा पुढे मोडीतल्या लोखंडाने आणि मोटारीच्या जुन्या पाट्यांनी घेतली.

या ऐरणीवर घाटाचा मालक कोण होता? रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात लोहार, खाती, घिसाडी, पांचाळ ही नावे एकाच नोंदीखाली आली असून, गावच्या लोहारास नांगरामागे ठरलेले धान्य मिळे, असे त्यात नमूद आहे. म्हणजे मोबदला वस्तूचा नव्हे, सेवेचा. पात्याचा बाक शेतकरी सांगे. लोहार तो उतरवी. अशा व्यवस्थेत कारागिराचा हक्क गिऱ्हाइकावर असतो, आकारावर नसतो. पश्चिमेकडील मराठेशाहीच्या कागदांतूनही हेच दिसते. चांद्यास १७५१ पर्यंत गोंड राजे व नंतर नागपूरकर भोसले यांचा अंमल असल्यामुळे ते कागद येथील प्रघाताचा पुरावा म्हणून वापरता येत नाहीत. तुलनेस मात्र उपयोगी पडतात. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील ग्रंथावरून गोतसभेपुढील बलुत्याच्या व वतनाच्या तंट्यांची रीत स्पष्ट होते. वादी-प्रतिवादी प्रथम राजीनामा देत. आज या शब्दाने पद सोडणे सूचित होते; त्या काळी ‘या सभेचा निवाडा मान्य करू’ असे लेखी कबूल करणे, हा त्याचा अर्थ होता. मग जामीन, तकरीर, साक्षी व शेवटी निवाडपत्र. दोन्ही पक्षांचे म्हणणे कागदावर येण्यापूर्वी कोणास चोर ठरविले जात नसे, ही त्या रीतीतील मोलाची गोष्ट होय.

घाटावर व्यक्तीचा हक्क सांगणारा कायदा भारतात १९११ साली दृढ झाला. सध्याचा २००० सालचा. नोंदलेल्या आकृतिबंधास त्यात प्रथम दहा व नंतर पाच वर्षे संरक्षण मिळते. येथेच वनप्रदेशातील लोहाराचे हित पणास लागते. शहरातील एखाद्या उत्पादकाने येथील कोयत्याचा घाट आपल्या नावे नोंदविला, तर आजोबांचा घाट घडविणारा नातू कायद्याच्या दृष्टीने नक्कल करणारा ठरू शकतो. कलम ४ प्रमाणे, पूर्वी छापून किंवा प्रत्यक्ष वापरातून लोकांपुढे आलेला आकृतिबंध नोंदणीस अपात्र असतो. आणि नोंदणी रद्द करण्याची कारणे कलम २२ अन्वये प्रतिवादीस बचाव म्हणूनही मांडता येतात. कायद्याने दार उघडे ठेवले आहे खरे, परंतु पुरावा आणावयाचा तो लोहाराने. मोल्सवर्थच्या कोशात ‘कोयता’ सापडतो. त्यावरून कोयता ही वस्तू १८५७ पूर्वीची ठरते, त्याचा बाक ठरत नाही.

मग साम्य कोणते मोजावे? या बाबतीत पाठचिकित्सेची कसोटी कामास येते. भांडारकर संस्थेत सुकथनकरांनी महाभारताच्या पोथ्यांचे कुलसंबंध लावले, ते शुद्ध पाठांच्या साम्यावरून नव्हे. शुद्ध पाठ सर्वांस वारशाने मिळालेला असू शकतो. दोन पोथ्या एकाच विचित्र चुकीत जुळल्या म्हणजे संशयास जागा होते. बोलींचेही तसेच. झाडीबोलीत व वऱ्हाडीत ‘ण’चा ‘न’ होतो, एवढ्यावरून एकीने दुसरीपासून काही घेतले असे सिद्ध होत नाही. पात्याचा न्याय याहून भिन्न नाही. मुठीत धरलेले धान कापण्यास बाक हवा, बांबू फोडण्यास वजन हवे, आणि पाट्याची जाडी ज्या त्या मोटारीची. अशी कामाने किंवा मालाने लादलेली साम्ये कितीही असोत, ती खात्यावर धरू नयेत. परंतु पाठीवरील निरुपयोगी खाच, मुठीजवळची विनाकारण वळलेली रेघ, मूळ नमुन्यात चुकून तिरका बसलेला खिळा, ही जर दुसऱ्या पात्यातही तशीच उतरली, तर एकच साम्य पुरे.

खुणेची चोरी हा याहून वेगळा अपराध होय, आणि संग्राहक दोहोंची नेहमी गल्लत करतात. पासाउच्या कारागिरांची लांडग्याची खूण झोलिंगेनच्या पात्यांवर उमटली. मराठ्यांकडील ‘फिरंग’ या तलवारीवर युरोपीय खुणांच्या देशी नकलाही आढळतात. तेथे परदेशवाचक शब्दच पुढे तलवारीचा प्रकार दाखवू लागला. शेफील्डच्या सुरीकारांच्या मंडळास १६२४ च्या कायद्याने जे सांभाळावयाचे होते, त्यात प्रत्येकाची खूण मुख्य होती. स्थळनामाची गोष्ट तिसरी. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलान येथे दाखविलेल्या वहाणांचा घाट कोल्हापुरी होता, नाव मात्र नव्हते. त्यासंबंधीची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये फेटाळली, कारण याचिकाकर्ते त्या भौगोलिक नोंदणीचे धारक नव्हते. दाद कोणी मागावयाची हेही आधी ठरावे लागते, असे त्यावरून दिसते.

कायद्यातील व्याख्येप्रमाणे आकृतिबंधाची परीक्षा केवळ डोळ्याने करावयाची असते. लोहार पाते हातात तोलतो, ऐरणीवर वाजवून ऐकतो; ही परीक्षा तेथे चालत नाही. तरीही कोणता बाक कामाचा आणि कोणता हौसेचा, हे सांगण्यास त्याच्याच डोळ्याची साक्ष घ्यावयास हवी. संग्राहकांकडून व संग्रहालयांकडून अपेक्षा आहे ती याहून साधी. ‘गोंडी कुऱ्हाड’ एवढ्याच चिठ्ठीने ठेवलेली वस्तू निवाड्यात मुकी राहते; गाव, घडविणारा आणि मिळाल्याचे वर्ष लिहिले असल्यास तीच पूर्ववापराचा पुरावा होते.