तात्पुरत्या उपायाचे दीर्घायुष्य

पावसाळ्यापुरती म्हणून घातलेली पडवी पुढे घराचाच भाग होऊन बसते, हे आपण नित्य पाहतो. इंटरनेटच्या इतिहासातही अशी एक पडवी आहे. तंत्रज्ञ तिला नेटवर्क अ‍ॅड्रेस ट्रान्सलेशन, थोडक्यात 'नॅट', म्हणतात. आपण तिला पत्त्यांचे रूपांतर म्हणू.

सप्टेंबर १९८१ मध्ये इंटरनेटची जी नियमावली सिद्ध झाली, तीत प्रत्येक पत्त्यास ३२ द्विमान अंक नेमून दिले होते. त्यांतून ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ पत्ते निघतात. प्रत्येक यंत्रास स्वतःचा स्वतंत्र पत्ता असावा आणि कोणत्याही यंत्राने दुसऱ्यास थेट हाक मारावी, ही मूळ कल्पना. परंतु दशक उलटते न उलटते तोच हा साठा पुरणार नाही, हे जाणत्यांच्या ध्यानी आले.

मे १९९४ मध्ये केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी एक टिपण प्रसिद्ध केले. आतल्या यंत्रांनी खाजगी पत्ते वापरावेत आणि सीमेवर त्यांचे सार्वजनिक पत्त्यांत रूपांतर व्हावे, ही त्यातील सूचना. हा उपाय दीर्घकाळ वापरण्याजोगा नाही, असेही त्यांनीच नमूद केले होते. त्याच वर्षी जॉन मेझ यांच्या कल्पनेतून 'पिक्स' हे यंत्र जन्मास आले. कचेरीतील खाजगी टेलिफोन एक्स्चेंज हा त्याचा आदर्श होता. पुढे फायरवॉल म्हणून ते नावारूपास आले. म्हणजे दारावरच्या पहारेकऱ्याच्याच हाती आवक-जावक नोंदवही आली.

ही नोंदवही चार रीतींनी ठेवता येते. पहिली रीत एकास एक: आतल्या एका यंत्रास बाहेरचा एक पत्ता कायमचा बांधून द्यावयाचा. दुसरीत बाहेरच्या पत्त्यांचा एक संच असतो. बाहेर जाणाऱ्यास त्यातील एक मिळतो व काम सरल्यावर तो परत घेतला जातो. संच संपला की पुढच्याने थांबावे! तिसरीत सारी कचेरी एकाच पत्त्याने बोलते. कोणाचे उत्तर कोणास द्यावयाचे, हे पोर्टच्या क्रमांकावरून ओळखतात, आणि ते क्रमांक ६५,५३६ असतात. चौथीत बाहेरून एका ठरावीक पोर्टवर आलेली हाक आतल्या नेमक्या यंत्राकडे वळविली जाते.

वरवर पाहता हा केवळ व्यवस्थेचा तपशील वाटेल. वस्तुतः हाक कोणास मारता यावी, याचा निर्णय येथे होत असतो. पहिल्या व चौथ्या रीतीत परक्यास आपले दार ठोठावता येते. तिसरीत आपण बोलावे तेव्हाच उत्तर येते. आपणहून आलेल्या पाहुण्याचे नाव वहीत नसल्याने तो परत फिरतो. यालाच पुष्कळजण संरक्षण समजतात. पण कोणास आत घ्यावे हे ठरविणे पहारेकऱ्याच्या नियमांचे काम होय; वही केवळ नोंद ठेवते.

डिसेंबर १९९५ मध्ये १२८ अंकी पत्त्यांची नवी नियमावली प्रसिद्ध झाली; तरी पडवी हलली नाही. तिच्याच आधाराने असंख्य लहान कचेऱ्या आणि घरे एकेका पत्त्यावर इंटरनेटशी जोडली गेली, हे तिचे ऋण मान्यच केले पाहिजे. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जुन्या पत्त्यांच्या मध्यवर्ती साठ्यातील अखेरचे गट वाटले गेले. २०१२ मध्ये सेवा देणाऱ्या कंपन्यांनी ग्राहकांच्या समूहासाठी रूपांतर करावे म्हणून निराळा पत्तासमूह राखण्यात आला. अशा व्यवस्थेत ग्राहकाच्या घरची वही ग्राहकाच्या हाती असते, परंतु तिच्या पलीकडची कंपनीच्या हाती. आपले दार उघडावयाचे तर दुसऱ्याची अनुमती लागते.

टंचाईवर शोधलेला उपाय टंचाई सोसण्याची सवयही लावतो. म्हणून नव्या पत्त्यांकडे होणाऱ्या संक्रमणात केवळ संख्येची सोय नाही. प्रत्येकास हाक मारता यावी आणि प्रत्येकास ती ऐकूही यावी, हा मूळचा समान अधिकार त्यात गुंतलेला आहे.